पाटा आणि अण्णांची बाज

हसू नका, ताडपत्री फडफडली की अजून मी आधी शेजारच्या अंगणात वाकून बघतो. उन्हाळ्यात गच्चीला वॉटरप्रूफ रंग दिला. ओल्या रंगावर वाऱ्यानं धूळ बसू नये म्हणून कठड्यांवरून ताडपत्री ताणली आणि वजनाला घरचा दगडी पाटा बांधून शेजारच्या अंगणाकडे लोंबकळत सोडला.

दुपारी वावटळ आली. दोरी तुटली आणि धाडकन आवाज झाला. मी वर पळालो, खाली वाकून बघतो तर शेजारच्या अण्णांची बाज मधोमध मोडलेली! रोज जेवून ते त्याच बाजेवर झोपतात. मी कठड्यावरूनच ओरडलो,

“अण्णाऽ!”

“बोंबलतोस कशाला? हितंच हाय की,” मागून अण्णाच बोलले. “तुझी ताडपत्री उडाय लागली, म्हणून धरायला वर आलो.”

ओल्या रंगात उमटलेली त्यांची पावलं मी अजून तशीच ठेवलीत.