आमच्या गोठ्यातली विमानं

माझं माहेर पिशोरचं. वडील मंडपाचं काम करायचे, तर कनाती शिवायला मी शाळेत असतानाच मशीनवर बसले, आणि लग्न होऊन शेंद्र्याला आले तर मशीनही संगं आली. नवरा कंपनीत वेल्डर, हे ऐकून आई लई खूश, म्हणली पोरीवर रानात राबायची पाळी नाय. लिहून घ्यायला आलीस, तर काय सांगू पोरी तुला, त्या वेल्डरनं म्हशी इकल्या आणि गोठ्यात विमान बांधायला घेतलं.

पहिलं विमान म्हणजे निव्वळ लोखंड. जन्मभर लोकांची गेटं बनवलेला माणूस, त्यानं विमानही गेटासारखंच बनवलं, चौकोनी पाइप, जाड वेल्डिंग, पुढं जुन्या मोटारसायकलचं इंजिन. मोबाइलवर बघून बघून केलं म्हणं. वावरात काढलं, इंजिन बोंबललं, आणि विमान काही जागचं हललं नाय. गावातले रिकामटेकडे ढकलायला आले, ढकलून ढकलून दमले, तरी यांचं एकच, मजबूत झालंय ना पण? मी म्हणलं व्हय, लई मजबूत, आता शेळ्या बांधा त्याला.

दुसरं केलं अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचं, हलकं. पंख डोक्यावर, इंजिन आणि पंखा पाठीमागं, आणि बसायला पाय कापलेली प्लास्टिकची खुर्ची. ढगात जाणारा माणूस लग्नातल्या खुर्चीवर बसून जाणार! पंखांचं कापड मी शिवलं, दुसरं कोण शिवणार. सोयाबीन निघालेल्या रानात ते पळालं आणि हातभर उठलं, उठलं खरं, खोटं कशाला बोलू, पण आमची कोंबडी त्याहून वर जाती, आणि तिच्या नावानं कुणी पेढे वाटत नाय. यांनी वाटले.

मग आली खंडेनवमी. हत्यारं, मशीन, मोटारसायकल, सगळ्यांची पूजा झाली, तर विमानाचीही झाली. माझा दीर, त्याला गावात पुढारी व्हायचंय, त्यानं तारेत ओवलेला झेंडूचा हा मोठा हार पंखाच्या नळीला बांधला, नारळ फोडला, फोटो काढले, म्हणला दादा, चालू करा आता, लोक बघायलेत. आणि आमचे हे बसले, केलं चालू. हार काढायचं एकाच्याही डोक्यात आलं नाय, पूजेचा हार त्या दिवशी काढत नसतेत म्हणं. मागचा पंखा वारा ओढतो, त्यानं हारही ओढला, तारेसकट, आणि पंख्याचं लाकडी पातं फुटून नळीवर आपटलं, तुकडा ह्यांच्या कानाला रक्त काढून गेला. दीर म्हणतो देवानं वाचवलं वहिनी. मी म्हणलं देवाला दुसरं काम नाय का, तुमच्यासारख्यांच्या मागं फिरायला?

त्याच दिवशी मी सांगून टाकलं, ह्या खुळाला माझ्या मशीनचा एक टाका मिळणार नाय. कापड नाय तर पंख नाय, पंख नाय तर मरण नाय.

तरी तिसरं झालंच. इंजिन पुन्हा पुढं, पंख घडी होणारे, गोठ्याच्या दारातून निघावं म्हणून, आणि खुर्च्या दोन, दुसरी माझी म्हणं! मी म्हणलं माझी खुर्ची चुलीत घाला. पावसाळाभर सांगाडा तसाच कापडावाचून पडून राहिला, मला वाटलं सुटले. तर परवा हा माणूस कापडाचा गठ्ठा मोटारसायकलला बांधायला लागला. कुठं म्हणलं. तर शहरात, शहागंजला, तिथं एक गाद्या शिवणारा आहे, तो देतो म्हणला शिवून.

गाद्या शिवणारा! लांब लांब टाके, एकेरी दोरा, उसवलं तर फार तर कापूस बाहेर येतो. त्याच्या टाक्यांवर हा माणूस वर जाणार.

मी म्हणलं ठेवा तो गठ्ठा खाली.

तर आता तेच शिवायलेय मी, बघ, दुहेरी शिवण, कडंनं पट्टी, दोरा ताडपत्रीचा. सरकार परवानगी देणार नाय आणि हा माणूस मागणार नाय. त्या दुसऱ्या खुर्चीत मी बसणार नाय, हे मात्र लिही. खाली उभी राहून बघीन, आणि उतरला की चार शिव्या देईन. उतरू दे म्हणजे झालं.