बंदीआधीची नोंद

मी मूळची गारगोटीकडची, कोल्हापूर जिल्ह्यातली, आणि आधीच सांगून ठेवतो, आमच्याकडं बायकासुद्धा आलो, गेलो, बसलो असंच बोलतात, तेव्हा तुम्ही लिहिताना ते दुरुस्त करू नका. आमच्या ह्यांनी लग्नानंतर लई प्रयत्न केला, हे पुण्याचे, म्हणायचे, अगं सुनीता, आले म्हण, आलो काय, पण जिभेचं वळण मोडत नाही बघा, इथं कार्ल्सरूहेला येऊन जर्मन शिकलो तरी मराठी तीच राहिली.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, बँकेच्या शाखेत वॉचमन. स्वतःच्या लायसनची दुनळी बंदूक होती त्यांची, बाराबोर, ती घेऊन दारात उभं राहायचं, हीच नोकरी. जन्मात कुणावर झाडली नाही, पण दर रविवारी अंगणात पोतं अंथरून पुसायचे, आणि मी शेजारी बसून तेलाची बाटली धरायचो. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागायची, तेवढे दिवस आबा घरात नुसते येरझारा घालायचे, आई म्हणायची, अहो, बसा की जरा, ती काय पळून जातीय का. मग निकाल लागला की ठाण्यातनं घेऊन यायचे आणि आल्या आल्या पुसायला बसायचे.

शाळेत एनसीसीला गेलो, तिथं पहिल्यांदा पालथं पडून रायफल चालवली, सरांनी टार्गेटचा कागद काढून आणला, बघितला, परत माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाले, तुझ्या वडलांना उद्या शाळेत बोलाव. आबांना वाटलं पोरीनं काय केलं आता. सर म्हणाले, हिला कोल्हापूरला रेंजवर पाठवा. मग एसटीनं जायला लागलो, तिथं रायफल सुटली आणि पिस्तूल हातात आलं, पंचवीस मीटर, संघटनेचं पिस्तूल, चौघीत एक. राज्याचं मेडल आहे माझं. दिल्लीला नॅशनलला गेलो तिथं काही जमलं नाही, ते जाऊ दे. पण काय सांगू तुम्हाला, हात लांब करून उभं राहिलं, श्वास अर्धा सोडला, की आत जे शांत होतं ना, ते मला देवळात कधी झालं नाही. मग लग्न झालं आणि सगळं सुटलं, कुणी सोडायला लावलं नाही, आपोआपच सुटलं.

हे सॉफ्टवेअरमधले, कंपनीनं इकडं पाठवलं, मागनं मी आलो, रेवा इथंच झाली. रेवा लहान होती तेव्हाची गोष्ट, गावात जत्रा होती, इकडं फोल्क्सफेस्ट म्हणतात, आणि तिथं एअरगनचा स्टॉल, नळ्यांवर प्लास्टिकची गुलाबं लावलेली, नळी फोडली की गुलाब तुमचं. रेवाला लाल पाहिजे होतं. मी बंदूक घेतली, लाल पाडलं, मग पिवळं, मग म्हटलं बघू तरी, आणि रांगच पाडली बघा, स्टॉलवाला हात जोडायला लागला. मागं एक म्हातारी उभी होती, उंच, पांढरे केस कापलेले, ती म्हणाली, कुठं शिकलीस? मी म्हटलं, कोल्हापूर. ती म्हणाली, ते कुठं आहे मला माहीत नाही, पण गुरुवारी आमच्या फेराइनला ये. फेराइन म्हणजे क्लब, नेमबाजांचा. ती हेल्गा. पोस्टातनं रिटायर झालेली, तिचा नवरा डीटर त्या क्लबचा अध्यक्ष. माझं नाव तिला झुनिता असंच घेता येतं, इथं स चा झ होतो, मी पण आता त्याच नावाला ओ देतो.

त्या क्लबानं मला माणसांत आणलं. मी एका किटात, म्हणजे पाळणाघरात, स्वयंपाकघरात काम करतो, सकाळी मुलांचा नाश्ता, दुपारचं जेवण, भांडी. तिथं मी झुनिता म्हणजे गाजर चिरणारी बाई. क्लबात मी नेमबाज होतो. रीतसर परवाना काढला, परीक्षा दिली, स्वतःचं पॉइंट टू टूचं पिस्तूल घेतलं, बेडरूमच्या भिंतीला बोल्टनं लोखंडी कपाट बसवलं. आबांना व्हिडिओवर दाखवलं तर म्हातारा रडला हो. म्हणाला, पोरी, स्वतःच्या नावावर? मी म्हटलं, आबा, स्वतःच्या नावावर.

मग मी आजारी पडलो. आता हे कसं सांगायचं. कारण विचाराल तर कारण नाही. नवरा चांगला, पोरगी शाळेत हुशार, आबा तिकडं धडधाकट, कुणी गेलं नाही, काही मोडलं नाही. नुसतं एक दिवस उठवेना. मग दुसऱ्या दिवशी उठवेना. गाजर चिरताना हात थांबायचा आणि मी सुरीकडं बघत उभं राहायचो, पुढं काय करायचं असतं तेच आठवायचं नाही. सासूबाई फोनवर म्हणायच्या, सगळं असून हिला काय झालंय, मी म्हणायचो, आई, मलापण तेच कळत नाही. शेवटी हे मला डॉक्टरकडं घेऊन गेले, गोळ्या सुरू झाल्या, बोलायला एक बाई मिळाल्या, त्यासाठी पण किती महिने थांबावं लागलं. पण बरं वाटायला लागलं, खरंच वाटायला लागलं. क्लबात हेल्गा सोडून कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि तेव्हाच ती नव्या बंदीची बातमी आली. कुठं तरी काही तरी वाईट झालं होतं, माणसं मेली होती, मग सगळे म्हणायला लागले, घराघरांतली हत्यारं कमी करा, आणि त्यात कुणाला चुकीचं वाटायचं कारण नाही. पण बंदीत नेमकं काय येणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं. क्लबात मीटिंग झाली, नवा अध्यक्ष म्हणाला, आपोआप गोळी भरली जाणारी सगळी हत्यारं येतील, स्पोर्टची पिस्तुलंसुद्धा येतील, पण ज्यांनी बंदीच्या आधी सगळी नोंद करून दिली असेल त्यांना ठेवता येईल, तेव्हा प्रत्येकानं फोटो काढा, नंबर काढा, कपाटाचा फोटो काढा, आणि आम्टला पाठवा. आम्ट म्हणजे सरकारी ऑफिस. हेल्गा उठून म्हणाली, परवाना त्यांच्याकडं आहे, नंबर त्यांच्याकडं आहे, आता माझी बेडरूम पण पाहिजे का? कुणी कुणी हसलं. डीटर तोवर वारला होता, त्याची हत्यारंसुद्धा तिच्याच नावावर आली होती.

घरी येऊन मी टेबलावर पांढरी चादर घातली आणि पिस्तूल ठेवलं. ह्यांनी फोन हिसकावून घेतला, म्हणाले, थांब, फोननं काढू नकोस, फोटोच्या आत घराचा पत्ता जातो, तो कुठल्या सर्व्हरवर जाऊन बसेल सांगता येत नाही, पिस्तूल कुठं आहे हे चोराला आपण हातानं सांगायचं का? माळ्यावरचा जुना कॅमेरा काढला. मी म्हटलं, अहो, सरकारलाच तर द्यायचंय. हे म्हणाले, सरकार म्हणजे पण माणसंच ना, कुणीतरी मेल चुकीच्या पत्त्यावर पाठवतंच, मी रोज हेच बघतो, एकदा गेलेली माहिती परत येत नाही.

फोटो झाले, आणि मग फॉर्मच्या शेवटी तो प्रश्न. गेल्या काही वर्षांत मानसिक आजारावर उपचार घेतले आहेत का, आणि गरज पडली तर डॉक्टरांकडं चौकशी करायला तुमची हरकत आहे का. मी हेल्गाकडं गेलो. ती म्हणाली, नाही असं लिही. मी म्हटलं, हेल्गा, खोटं निघालं तर? कसं निघेल, ती म्हणाली, डॉक्टर बोलत नाहीत, तू बोलली नाहीस तर कोण बोलणार? घरी ह्यांना विचारलं, हे पण म्हणाले, सुनीता, नाही लिही, तू बरी आहेस आता. मी रात्रभर विचार केला असं काही नाही, दुपारीच लिहिलं, हो, उपचार घेतले, चौकशीला हरकत नाही. मला वाटलं, मी बरी झालोय ते पण त्यांना दिसेल. डॉक्टरांनीच तर बरं केलं, मग त्यात लपवायचं काय, असं वाटलं बघा मला.

मग पत्र आलं, तज्ज्ञाकडनं तपासणी करून घ्या. तो तज्ज्ञ लई सभ्य माणूस होता, चहा विचारला, हळू बोलत होता, मला कळावं म्हणून सोपं जर्मन बोलत होता. सगळं विचारलं आणि शेवटी विचारलं, तुम्ही आजारी असताना, ते कपाट कधी वेगळ्या कारणासाठी उघडलं होतं का?

उघडलं होतं. एकदा. दुपारी. नुसतं उघडलं आणि समोर जमिनीवर बसलो, हातपण लावला नाही. किती वेळ बसलो ठाऊक नाही, रेवा शाळेतनं आली, बेल वाजली, मी कपाट लावलं आणि दार उघडायला गेलो, तिला भूक लागली होती, पोहे केले. हे मी ह्यांना सांगितलं नव्हतं, आईला नाही, कुणाला नाही. आणि त्या अनोळखी माणसाला सांगितलं. तो म्हणाला, तुम्ही हे सांगितलंत त्याबद्दल आभारी आहे. गेनाऊ, असं काहीतरी मी म्हटलं, म्हणजे बरोबर आहे, काय बरोबर आहे कुणाला ठाऊक.

अहवाल आला, अपात्र. परवाना रद्द. दोघं जण न्यायला आले, युनिफॉर्मवाले, भर दुपारी, जिन्यात खालच्या मजल्यावरची बाई कचऱ्याचा डबा घेऊन उभी, तिनं बघितलं. मग सगळ्या बिल्डिंगनं बघितल्यासारखंच झालं. आमच्या मराठी मंडळात कळलं, तिथली एक जण मला गणपतीत बाजूला घेऊन म्हणाली, सुनीताताई, तुमच्याकडं बंदूक होती? आणि तुमची तब्येत पण बरी नसते म्हणे? रेवाच्या वाढदिवसाला त्या वर्षी दोघीच आल्या. किटात मॅडम म्हणाल्या, झुनिता, आम्हाला काही अडचण नाही, पण सध्या मुलांच्या खोलीत नको जाऊस, स्वयंपाकघरातच राहा. मी जा, जा म्हटलं, म्हणजे हो, हो. रेवानं मला जर्मनमध्ये विचारलं, ती मराठी समजते पण उत्तर जर्मनच देते, मामा, वारुम हास्ट डू दास गेझाक्ट? आई, तू सांगितलंस कशाला?

आबांना मी सांगितलं, पिस्तूल जमा केलंय. ते म्हणाले, निवडणूक आहे का तिकडं? मी म्हटलं, हो आबा. अजून विचारतात, मिळालं का परत.

आणि मग ती बंदी आली. आली म्हणजे काय, महिनोनमहिने भांडून जेव्हा कागदावर आली, तेव्हा त्यात आमची स्पोर्टची पिस्तुलं नव्हतीच. एकाचंही नाही. ज्यांनी फोटो पाठवले त्यांचे फोटो आम्टमध्ये पडून आहेत, ज्यांनी नाही पाठवले त्यांचं काही बिघडलं नाही, ज्यांनी त्या प्रश्नाला नाही असं लिहिलं ते गुरुवारी रेंजवर उभे असतात. मी त्यांना चुकीचं म्हणत नाही. आम्टलापण चुकीचं म्हणत नाही, हेच तर अवघड आहे. माझ्यासारख्या बाईच्या घरात ते नसावं, हे मलापण पटतं. ती दुपार मी विसरलेलो नाही. पण पटलं म्हणून काय बरं वाटतं का? हात लांब करून उभं राहिल्यावर जे शांत व्हायचं ते दुसऱ्या कशानं होत नाही, योगा करून बघितला, बागेत काम करून बघितलं. गोळ्या परत वाढल्यात.

आता शेवटचं सांगतो, आणि हे लिहा, पण हेल्गाचं नाव बदलून लिहा. हेल्गा झोपत नाही. डीटर गेल्यापासनं झोपत नाही, जेवत नाही, घरभर त्याचे कोट तसेच. मागच्या हिवाळ्यात मला म्हणाली, झुनिता, सकाळी जाग आली की मला राग येतो, जाग आली म्हणून. मी तिथल्या तिथं म्हटलं, डॉक्टरकडं चल, मी नेतो तुला. ती म्हणाली, आणि मग तो प्रश्न परत आला की काय लिहू? तुझं काय झालं ते मी बघितलंय. डीटरची हत्यारं मी देणार नाही. मी म्हटलं, मग विक, क्लबात ठेव, किल्ली कुणाला तरी दे. ती म्हणाली, तू आम्टला फोन केलास तर मला कळेल, आणि मग माझ्या दारात येऊ नकोस.

मी फोन केलेला नाही. ह्यांना विचारलं, हे म्हणाले, कर. दुसऱ्या दिवशी म्हणाले, नको करूस, तिचं तुझ्याशिवाय कोण आहे. माझ्या त्या बोलायच्या बाईंना नाव न घेता विचारलं, त्या म्हणाल्या, तातडीचं वाटलं तर फोन करायलाच पाहिजे. मला रोजच तातडीचं वाटतं हो. फोन हातात घेतो, नंबर काढतो, आणि वाटतं, त्यांनी येऊन तिचं सगळं नेलं, जिन्यात लोकांनी बघितलं, माझंपण जाणं बंद झालं, तर मग ती राहील कशासाठी? आणि नाही केला आणि काही झालं तर? तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला सांगता येत असेल तर सांगा.

म्हणून मी रोज जातो. किटातनं सुटलो की सायकलनं तिच्याकडं, डब्यात काहीतरी घेऊन, वरणभात तिला आवडतो. ती डॉक्टरकडं जाईल, एक दिवस हो म्हणेल, असं म्हणत जातो. देव तिला तेवढी बुद्धी देवो, आणि तिला तो फॉर्म कधी न येवो. बेल वाजवतो आणि उभी राहतो. तिचे गुडघे दुखतात, दारापर्यंत यायला वेळ लागतो तिला. तेवढा वेळ मी दाराकडं बघत असतो, आतनं पाय घासल्याचा आवाज येतोय का ऐकत. कालपर्यंत आला.