राज्य तिच्यावर आहे

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठ भूषवणारे खेळ-विकास सल्लागार साहेब, मुख्याध्यापिकाबाई, संस्थेचे पदाधिकारी, माझे सहकारी, मागच्या दाराशी उभ्या असलेल्या आमच्या मावशी (त्यांना कोणीतरी खुर्ची द्या हो, केव्हाच्या उभ्या आहेत!) आणि जमलेल्या पालकहो,

बालवर्गाला एकतीस वर्षं शिकवून मी आज निवृत्त होते आहे. आतापर्यंत माझ्यावर चार भाषणं झाली. तिघांनी मला 'शिस्तप्रिय' म्हटलं. चौथ्यांनी माझं नावच चुकीचं घेतलं. त्यातल्या त्यात ते खरं वाटलं. संस्थेने मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. उद्यापासून जिला कुठेही वेळेवर पोचायचं नाही, तिला घड्याळ. मी मनापासून आभारी आहे.

अध्यक्षमहोदयांची चिठ्ठी होती, की 'मुलांच्या जीवनात खेळाचे महत्त्व' यावर दोन शब्द बोलावेत आणि शेवटी मागच्या अंगणाची चावी सल्लागार साहेबांकडे समारंभपूर्वक सुपूर्द करावी. कारण सोमवारपासून ते अंगण बंद होणार आहे. तिथे फरशी बसणार, छप्पर चढणार, 'क्रीडा-कौशल्य कक्ष' होणार. आज तिथे काय आहे? वाळूचा ढीग, चार फळ्या, एक फुटका टब आणि एक झाड. झाडावर चढायला मनाई आहे, म्हणून सगळे चढतात.

साहेबांची योजना आपण जाणताच, कक्ष होईपर्यंत ती वर्गातच सुरू झाली आहे. जमिनीवर पाच रंगीत गोल, दर सहा मिनिटांनी शिट्टी आणि प्रत्येक मुलाचं कार्ड. वेळापत्रकात एक ओळ अशीही होती : 'मुक्त खेळ, मंगळवार, अकरा दहा ते अकरा पंचवीस.' मुक्त! मी तो कागद चष्मा पुसून पुन्हा वाचला. पाच वर्षांच्या पोराने एका गोलातून दुसऱ्या गोलात उडी कशी मारावी, हे सांगायला प्रशिक्षित माणूस लागतो, हे शोधून काढायला किती वर्षं शिकावं लागत असेल हो? पहिल्याच दिवशी एका मुलाने माझा पदर ओढून विचारलं, "बाई, हे संपलं की खेळायला जाऊ?"

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. तिच्या डाव्या पायाला मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्या आहेत. तिचे वडील इथे तिसऱ्या रांगेत बसले आहेत, त्यांना विचारूनच हे सांगते आहे. गोलांत तिला उड्या मारता येईनात. तेव्हा साहेबांनी तिला एक बिल्ला दिला : 'निरीक्षक'. खुर्चीत बसायचं आणि इतरांना बघायचं. तिच्या कार्डावर लिहिलं गेलं, 'सहभाग समाधानकारक'. कोणाचं समाधान झालं, ते लिहिलेलं नाही.

मागच्या अंगणात पकडापकडी खेळताना मुलांनी तिला लिंबूटिंबू केलं. साहेबांच्या माहितीसाठी सांगते, लिंबूटिंबू म्हणजे ज्याला खेळात घेतात, पण कोणी पकडत नाही आणि ज्याच्यावर राज्य येत नाही. मी खिडकीतून बघत होते. सांगायला लाज वाटते, पण मला अगदी भरून आलं. किती गुणी मुलं माझी! आठवडाभर मी शिक्षकांच्या खोलीत हेच कौतुक सांगत फिरले. मग एक दिवस ती खडखडत माझ्या टेबलाशी आली.

"बाई, मला लिंबूटिंबू नको."

"का गं?"

"मला कोणी पकडतच नाही. माझ्यावर राज्यच येत नाही."

बिल्ला देणारे साहेब आणि भरून येणारी मी, आमच्यात फरक तो काय राहिला? मी म्हटलं, "मी सांगू का त्यांना?" ती म्हणाली, "नको. मीच सांगते."

तिने सांगितलं, आणि मग जे भांडण जुंपलं! खेळ राहिला बाजूला. "तुला पळता येत नाही, दिवसभर तुझ्यावरच राज्य राहील." "राहू दे." "मग आम्हाला मजा काय?" एक जण रुसून झाडावर जाऊन बसला. माझा हात तीनदा दाराच्या कडीवर गेला आणि तीनदा मी तो मागे घेतला. एकतीस वर्षांत मी केलेलं सगळ्यात अवघड काम तेच. शेवटी ती म्हणाली, "माझ्यावर राज्य असेल तेव्हा तुम्ही सगळ्यांनी लंगडी घालायची."

लंगडी! जो शब्द तिला रस्त्यात ऐकवला जातो, तोच तिने सगळ्यांना लावला. पोरं एका पायावर उड्या मारत सुटली आणि थोड्याच वेळात तिने एकाला पकडलं. दोघंही वाळूत आडवी. तो बिल्ला तेव्हा पडला तो अजून सापडलेला नाही. कोणी शोधलेलाही नाही.

साहेब नेमके त्याच दिवशी पाहणीला आले होते. त्यांचा अहवाल असा : 'मुले अनियंत्रित. वीस मिनिटे वादात वाया. एका पायावर उड्या मारण्याचा हेतू अस्पष्ट.' साहेब, आपला मान ठेवून विचारते, लहानपणी आपण होता कुठे?

घड्याळाकडे बघू नका अध्यक्षमहोदय, संपवतेच आहे. पत्रिकेप्रमाणे यानंतर मुलांचं 'नियोजित खेळाचं प्रात्यक्षिक' आहे. मुलं पडद्यामागे रांगेत उभी आहेत, अशी आपली समजूत असेल. ती तिथे नाहीत. मावशींनी खुर्ची नाकारली, कारण त्या दारातून अंगणावर लक्ष ठेवून आहेत. शेवटचं मूल अंगणात पोचलं की त्यांनी मान हलवायची, असं आमचं ठरलं होतं. आत्ताच हलवली. एरवी मी इतकी लांबण लावत नाही.

चावीही माझ्याकडे नाही. ती मी सकाळीच त्या मुलीला दिली.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, ऋणी आहे. माझी सगळ्यात मोठी चूक मी सांगितली आणि तिने ती माफही केली आहे. उरलेल्या लहानसहान चुका आणि आजचा आगाऊपणा आपण पोटात घालावा. अंगणाला कुलूपच लावायचं असेल, तर चावी तिच्याकडे आपण स्वतः जाऊन मागा. फक्त एक लक्षात असू द्या साहेब. आत्ता राज्य तिच्यावर आहे. तेव्हा अंगणात पाऊल टाकण्याआधी एक पाय वर घ्या.