मनगटाची दोरी

आदरणीय अध्यक्षसाहेब, मंडळाच्या सन्माननीय सचिवबाई, व्यासपीठावर विराजमान माझी थोरली बहीण आणि भावोजी, आणि पुढच्या खुर्च्यांसाठी तासभर आधी येऊन बसलेल्या मित्रमैत्रिणींनो,

मी होड्या दुरुस्त करणारा माणूस. माझ्या हातात रंधा शोभतो, माईक नाही. त्यात व्यासपीठाच्या कोपऱ्यातला हा पंखा प्रत्येक वक्त्याकडे बघून नकारार्थी मान हलवतो आहे! पण ही दोघं उद्या दुसऱ्यांदा जगाच्या फेरीला निघणार, तेव्हा घरच्या कुणीतरी बोलावं असा सचिवबाईंचा हट्ट.

पहिल्या फेरीतली वादळं तुम्ही ऐकलीत. मी दोरीबद्दल सांगतो. होडीवर माणसं दोनच. एक जागा, तर दुसरा झोपलेला. भांडायला दोघं एकदम जागी लागतात, म्हणून आमचा संसार सुखाचा झाला, असं ताई म्हणते. वर पहाऱ्यावर असलेल्याच्या मनगटाला दोरीचं एक टोक, खाली झोपलेल्याच्या मनगटाला दुसरं. जाग आली की खालच्याने ओढायचं. वरून ओढ आली की समजायचं, माणूस आहे, आणि कूस बदलायची. अख्खं जग त्यांनी या भरवशावर पार केलं. मंडळाच्या आग्रहाखातर आजही ती दोघं तीच दोरी बांधून माझ्या पाठीमागे, व्यासपीठाच्या दोन टोकांना बसली आहेत. मघाशी तुम्ही टाळ्याही वाजवल्यात.

आता थोडं घरचं बोलतो. ताई, डोळे वटारू नकोस.

परत आल्यापासून भावोजींचं चित्त थाऱ्यावर नाही. जेवताना घास हातात तसाच राहतो, नजर फरशीवर. "खालून कुणीतरी हाक मारतंय," म्हणतात. अहो, आम्ही तळमजल्यावर राहतो! पहिल्यांदा मी हसलो.

गेल्या आठवड्यात दोघं होडी पारखायला बाहेर गेली. भर दुपारी ताई खाली जरा आडवी झाली. जाग आल्यावर तिने दोरी ओढली. वरून ओढ आली. तरी का कोण जाणे, ती वर गेली. सुकाणूपाशी कुणीच नव्हतं. दोरी सुकाणूच्या दांड्याला बांधलेली. लाटेने दांडा हलला की ओढ द्यायची. भावोजी पार पुढच्या टोकाला, होडीला जखडणारा कमरेचा पट्टा सोडून, पाय पाण्याकडे टाकून बसले होते. "काय हवंय ते विचारून येतो," एवढंच म्हणाले.

ताईला वाटतं, समुद्रावर गेले की बरे होतील. अगं, जिथून हाक येते तिथेच औषधाला न्यायचं का?

अध्यक्षसाहेब, रंगाचा बेरंग करतोय हे कळतं मला. पण हात जोडून सांगतो, तो निरोपाचा ध्वज आज देऊ नका. हार घाला, फोटो काढा, होडी मात्र माझ्या शेडमध्ये राहू द्या. ताई जन्मभर अबोला धरेल. धरू दे. रागावलेली बहीण मला चालेल, एकटी परत आलेली बघवणार नाही.

आपण ऐकून घेतलंत, ऋणी आहे. चुकीचा खिळा उपटता येतो, शब्द नाही. तेव्हा अधिकउणं बोललो असेन तर पोटात घाला. आणि आता भावोजींच्या पाया पडून…

ताई, भावोजी कुठे आहेत?

अहो, तुम्ही समोर बसला होतात ना? पाणी प्यायला गेले असं वाटलं तुम्हाला?

ओढू नकोस, ताई. दोरी पंख्याला बांधली आहे.

धक्क्याकडचं दार कुणी उघडलं?