चाळीसातली अकरा

(इंदूर. रंगपंचमी होऊन पाच दिवस झालेत. मधल्या खोलीत ट्यूबलाइटखाली सोयाबीनच्या रोपांचे चाळीस कप. ऋजुता ही नाशिकहून आलेली सून, वसुंधरा सासू, उन्मेष ऋजुताचा नवरा.)

ऋजुता : अकरा जगूच शकत नाहीत, आई. एक जगावं, फार तर दोन. मी तीनदा मोजलं.

वसुंधरा : मग चांगलंच झालं ना, बेटा. लोकांचं कमी येतं तर रडतात, तुझं जास्त आलं तरी तू रडून राहिलीस. चहा ठेवू?

ऋजुता : नको. सकाळी घाईघाईत गाइड सरांना फोटो पाठवून बसले. म्हणाले, सोमवारी कमिटीसमोर हेच ठेवायचं. सहा वर्षांत पहिल्यांदा शाब्बास म्हणाले मला. आणि आता आकडा मलाच पटत नाहीये.

वसुंधरा : कमिटी मतलब ते पीएचडीची मुदत वाढवून देणारे?

ऋजुता : हो. सोमवारी काही दाखवता आलं नाही तर रजिस्ट्रेशन रद्द. सहा वर्षं फुकट.

वसुंधरा : मग दाखव. हिरवी आहेत, डोळ्यांनी दिसतात सगळ्यांना.

ऋजुता : हिरवी का आहेत ते मला सांगता आलं पाहिजे. ती मरायला हवी होती.

वसुंधरा : हेच मला झेपत नाही बघ. घरात झाडं आणायची आणि मरायची वाट बघत बसायचं. कसंतरीच होतं.

ऋजुता : तुम्हाला आधीच नीट सांगायला हवं होतं मी. समजा, शेजारून वरण आलं, भाजी आली. भरपूर. तुम्ही गॅस बंद कराल?

वसुंधरा : बिल्कुल करेन. कशाला जाळायचा उगाच?

ऋजुता : पण पोळ्याही त्याच गॅसवर व्हायच्या होत्या. त्या कुणीच पाठवल्या नाहीत. रोपाचं तसंच होतं. लायसिन आणि थ्रिओनिन ही दोन अमिनो आम्लं मी पाण्यातून देते. ती पुरेशी झाली की रोपातलं एक एन्झाइम आपोआप थांबतं. पण मेथिओनिन नावाचं तिसरं आम्लही त्याच एन्झाइमच्या कामातून बनतं. तेही थांबतं. मग रोप पिवळं पडून मरतं.

वसुंधरा : आणि जे नाही मरत?

ऋजुता : त्याचं एन्झाइम ऐकत नाही. पुरेसं झालं तरी काम चालूच ठेवतं. सोयाबीनमध्ये मेथिओनिन मुळातच कमी असतं, म्हणून असं एक तरी रोप हवंय मला. कॉलेज बंद असलं की तिथले दिवे घालवतात, म्हणून कप घरी आणले. आई, रंगपंचमीला मी आणि उन्मेष गेरची मिरवणूक बघायला राजवाड्यावर गेलो होतो, तेव्हा कोण आलं होतं?

वसुंधरा : कोण येणार? पलक आली होती शेजारची, रंग लावून दारातूनच गेली. चहा ठेवतेच मी.

ऋजुता : चहा राहू दे. या अकरा कपांतलं पाणी बघा, काचेसारखं आहे. बाकीच्या एकोणतीस कपांत गढूळ.

वसुंधरा : वास येत होता गं त्याला. वर बुरशी धरलेली. नगर निगमवाले येऊन कूलर, कुंड्या तपासतात, घरात डेंगूच्या अळ्या सापडल्या तर काय इज्जत राहील? म्हणून फेकलं आणि साधं भरलं.

ऋजुता : वास फक्त अकराच कपांना येत होता?

वसुंधरा : …नाही. सगळ्यांनाच येत होता.

ऋजुता : मग?

वसुंधरा : बाकीची गेलेलीच होती. ज्यांच्यात जीव दिसला, त्यांचंच बदललं. एवढीशी पानं, मान टाकून पडलेली. मला नाही बघवलं. तू संशोधन करतेस, मला समजतं, पण त्या वेळेला घरात मी एकटी आणि ती.

ऋजुता : म्हणजे माझ्याकडे काहीच नाही. तुम्ही पाणी दिलंत म्हणून जगली सगळी.

वसुंधरा : सगळी नाही. दोन-तीन आधीपासून हिरवीच होती. यांनाही चांगलं पाणी मिळू दे, म्हणून त्यांचंही बदललं.

ऋजुता : कोणती? आई, कोणती दोन-तीन?

वसुंधरा : आता कसं आठवणार बेटा, सगळी सारखीच दिसतात. तुझ्याकडे त्या दिवसाचा फोटो असेल ना?

ऋजुता : नाही. गेरच्या गडबडीत राहून गेला.

वसुंधरा : मग एक करू. अकरा तर अकरा. इथे कोण बघायला येतंय? मी कुणाला एक शब्द बोलणार नाही. उन्मेषलापण नाही.

ऋजुता : मलाही तेच वाटलं होतं आत्ता. क्षणभर खूप बरं वाटलं.

वसुंधरा : तर मग?

ऋजुता : मग ह्यांचं बी दुसरं कुणीतरी पेरेल. त्याचीही सहा वर्षं जातील. नाही आई. या अकराही कपांत तेच अमिनो आम्लांचं पाणी परत घालते. खरी असतील ती हिरवी राहतील. रविवारपर्यंत कळेल.

वसुंधरा : आणि बाकीची?

ऋजुता : पिवळी पडतील. पहिल्यासारखी.

वसुंधरा : एकही नाही टिकलं तर?

ऋजुता : तर सोमवारी रिकाम्या हातानं जाईन. थांबा, सरांना सांगू दे, नाहीतर माझा धीर सुटेल. …हॅलो सर, ऋजुता. सकाळचा आकडा धरू नका. …नाही सर, कपांतलं पाणी घरी बदललं गेलं. चूक माझी, मी कुणाला सांगून ठेवलं नव्हतं. …हो सर. रविवारी संध्याकाळी कळवते.

वसुंधरा : रागावले?

ऋजुता : ‘रविवारी कळव’ एवढं म्हणून फोन ठेवला.

वसुंधरा : माझं नाव का नाही घेतलंस?

ऋजुता : हात लावू नका असं मी कधी म्हटलं होतं तुम्हाला? तुमच्या घरात चाळीस कप आणून ठेवले आणि गेर बघायला निघून गेले. त्या पाण्याची ती निळ्या बुचाची बाटली द्या ना.

वसुंधरा : नाही देत. एकेका कपात किती घालायचं ते बोल तू, मी ओतते.