विमान डुमन्यावर आलं होतं

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडले. माहे बाबा इथल्या तोफांच्या कारखान्यात लागले अन् आम्ही जबलपूरचेच होऊन गेलो, माहा जन्म इथलाच, घरात मराठी अन् दाराबाहेर पाय टाकला की हिंदी. नाव देवानंद, पन टॅक्सीवाले सगळे देवा भैया म्हनतात. टेसन ते डुमन्याचं विमानतळ, डुमना ते टेसन, सारा जन्म याच रस्त्यावर गेला, काय सांगू ताई तुम्हाले.

डुमन्याची पट्टी इंग्रजांच्या जमान्यातली, असं बाबा सांगायचे. लहानपनी आम्ही सायकलवर पाहाले जायचो, तेव्हा एक बैठं घर होतं अन् तारेचं कुंपन, एखादं पंख्याचं विमान यायचं, नाही तर चितळं चरत राहायची. मंग पट्टी लांब झाली, मोठी विमानं येऊ लागली, आता तर काचेची नवी बिल्डिंग, पाहालच तुम्ही. पन रेल्वेसारखा भरोसा नाही त्याचा, आज एका गावचं विमान सुरू होते, उद्या बंद होते, मंग लोक नागपूरले जाऊन बसतात. अन् टेसनावरून इथं याले बसचाही काही नेम नाही, म्हनून तर आमचं पोट चालते.

माही पोरगी पूनम हैदराबादले नर्स आहे. नोकरी लागली तेव्हा मीच तिले डुमन्याले सोडलं. तिची आई, सुनंदा, सारा रस्ता मागं तिचा हात धरून बसली होती, गेटपाशी एवढंच म्हनली, वेळेवर जेवत जा बाई.

मंग सुनंदाच्या किडन्या खराब झाल्या. मागच्या हिवाळ्यात डॉक्टर म्हनले, भैया, जिसको बुलाना है बुला लो. पूनमले सकाळचं विमान भेटलं. मी साळीले, सुनंदाच्या बहिनीले, दवाखान्यात बसवलं अन् डुमन्याले निघालो. काय धुकं होतं ताई, जंगलातल्या रस्त्यावर गाडीपुढचं दिसून नव्हतं राहिलं. गेटपाशी उभा राहिलो, अन् आवाज आला, वरतून. विमान आलं होतं, माह्या डोक्यावर होतं, पन दिसत नव्हतं, एक चक्कर मारली, अजून एक मारली. तेवढ्यात साळीचा फोन, म्हने भाऊजी, सुनंदाबाई विचारून राहिली, पूनम आली का. म्हनलं फोन तिच्या कानाले लाव. म्हनलं सुनंदा, पूनम आली व, इथं वरच आहे, आवाज ऐक. अन् मी फोन असा आभाळाकडे धरला. तिले काय ऐकू आलं कोन जाने. हं म्हनली. म्हनली, भूक लागली असन तिले.

मंग आवाज दूर गेला, अन् गेलाच. गेटवरचा शिपाई म्हनला, उतर नहीं पाया भैया, नागपूर ले गए.

नागपूरवरून पूनमनं टॅक्सी केली. सिवनीच्या रस्त्यानं येत होती अन् घडीघडी फोन करत होती, पप्पा, आई बोलते का. दुपारी सुनंदा गेली. मी पूनमले सांगितलं नाही, म्हनलं झोपली आहे, तू घरीच ये. काहून, तर पोरगी एकटी होती, परक्या गाडीत, कोनाच्या खांद्यावर रडली असती. संध्याकाळी आली, दारातली मानसं पाहून समजली. रडली नाही. माह्याजवळ बसून म्हनली, पप्पा, मी विमानाच्या खिडकीतच होती, खाली सारं पांढरं, मी म्हनलं यातच कुठंतरी आई आहे.

आता ती रेल्वेनंच येते. म्हनते, गाडी उशिरा का होईना, पन उतरता येते. मी डुमन्याचं काम सोडलं नाही, सोडून जाऊ कुठं. धुक्याच्या दिवशी लोक गेटपाशी वर पाहत उभे राहतात ना, त्यांच्याजवळ जाऊन उभा राहतो, चहा विचारतो फक्त.

चलो, आलं तुमचं विमानतळ. सामान मी काढून देतो. घरी आई आहे म्हनल्या ना तुम्ही, अच्छा, सुखानं पोहोचा ताई, अन् पोहोचल्यावर जराशा तिच्याजवळ बसा.