केकला सात टाके

...आणि वर मलाच विचारतात, ‘केकला सुई कशाला लागली?’ अहो, लागली! हौस होती का मला? तुम्हाला सांगतो, अठरा वर्षं शिवणकाम करतोय, कोट शिवले, शाळेचे गणवेश शिवले, एका पैलवानाची विजार शिवली, तिच्यात दोन माणसं राहिली असती, पण केक शिवायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये! पण काय आहे ना, हातात घेतलेलं काम अर्धवट सोडेल तो शिंपी कसला!

झालं काय, आमची लेक... घरात तिला लवंगी म्हणतात, एवढीशी आहे पण झोंबते... ती गेल्या आठवड्यात पाच वर्षांची झाली. आता गेल्या वर्षीचं ऐका. तिच्या वाढदिवसाला मी दुकानात! नवरदेव समोर उभा, ‘बाही जरा आत घ्या, जरा बाहेर काढा, नाही, आतच बरी होती...’ घरी पोचलो तर फुगे जमिनीवर लोळतायत, पाहुणे गेलेले आणि ही दाराशी बसलेली. रडली असती तर परवडलं असतं हो! नुसती म्हणाली, ‘बाबा, आम्ही थांबलो होतो, पण मेणबत्ती संपली.’ संपलंच की माझं तिथं! शब्द दिला, पुढच्या वर्षी केक मीच करणार, घरी, माझ्या हातानं. आणि या बाईसाहेब विसरतील होय? वर्षभर पाठपुरावा! ‘बाबा, हत्तीचा कर. सोंडेचा.’ अगं, बिनसोंडेचा कुठे असतो? पण नाही, तिला खात्री हवी होती, कारण वर्गातल्या सगळ्यांना सांगून झालं होतं.

बरं, सासूबाई मुक्कामाला. त्यांचं सकाळपासून सुरू, ‘जावईबापू, कोपऱ्यावर बेकरी आहे, हो. माणसं पूर्वीपासून विकत आणतात, हो.’ मी म्हटलं, आज बेकरीचं नाव काढायचं नाही!

बायकोनं कृती लिहून दिली आणि बजावलं, ‘जेवढं लिहिलंय तेवढंच घाला.’ आता मला सांगा, जेवढ्यास तेवढं माप घेईल तो शिंपी दुसऱ्या दिवशी दुकान बंद करेल! कापड आटतं, गिऱ्हाईक सुटतं, आत चार बोटं जास्तीचं कापड, म्हणजे दाब, ठेवावाच लागतो. दोन कप मैदा लिहिलाय? घ्या अडीच. एक चमचा बेकिंग पावडर? असू दे तीन, वेळेला उपयोगी पडते! दिलं ओव्हनमध्ये ठेवून. वीस मिनिटांनी लवंगी काचेपाशी उभी राहून टाळ्या पिटतेय, ‘बाबा, केक बाहेर येतोय!’ अहो, खरंच येत होता! डब्यातून निघाला, जाळीवरून उतरला, दाराच्या फटीतून डोकावला... सासूबाई स्टुलावर चढल्या! बायकोनं घासणी माझ्या हातात दिली.

ओव्हन घासला, पुन्हा सुरुवात. सोडेल तो शिंपी कसला!

दुसऱ्या वेळी म्हटलं, चूक दाबात झाली, तर आता दाबच नको. सगळंच हात राखून घातलं. दूध कमी, लोणी कमी, पावडर नावाला. केक जो बसला, तो बसलाच! चपलेचा तळ बरा. पण माझं काम तर आता सुरू होणार होतं! खाकी कागदावर आदल्या दिवशीच हत्ती बेतून ठेवला होता, धड वेगळं, दोन कान, सोंड. कागद केकवर ठेवला, टाचण्या लावल्या... तोच बायको ओरडली,

‘टाचण्या? खायच्या वस्तूला?’

काढल्या बाबा! मग कात्री घेतली.

‘केकला कात्री?’

अगं, मग काय कुऱ्हाड घेऊ? कापला. असा सुबक हत्ती, की बायकोसुद्धा म्हणाली, ‘दिसतोय खरा.’ जॅम लावून कान चिकटवले, बसले. सोंड चिकटवली, पडली. पुन्हा चिकटवली, पुन्हा पडली. साडेचार वाजलेले, पाचला अकरा पोरं येणार! सासूबाई म्हणाल्या, ‘सोंड काढा. डुक्कर म्हणून खपेल, हो.’ आणि मागे वळून बघतो तर लवंगी. नजर पडलेल्या सोंडेवर. तीच मुद्रा हो, गेल्या वर्षीची, दाराशी बसलेली!

म्हटलं, आणा सुई. बायकोनं सुई-दोरा पाच मिनिटं उकळून दिला, आणि तुम्हाला सांगतो, मऊ केक असता तर टाका फाटून आला असता, पण माझा केक... सुई आत ढकलायला बोटात शिंप्याचं टोपण घालावं लागलं! जाड पांढरा दोरा, सात टाके. सासूबाई फोनवर कुणाला तरी सांगतायत, ‘अगं, जावई केक शिवतायत, हो...’

पाच वाजता पोरं जमली, मेणबत्त्या लागल्या, गाणं झालं, आणि मी तिच्या शेजारी उभा! सुरी हातात दिली. लवंगी खाली वाकली. टाके बघितले, मोजले. मग हळूच आपल्या हनुवटीला हात लावला. मागच्या महिन्यात झोपाळ्यावरून पडली होती, तीन टाके पडले होते.

‘बाबा, याला माझ्यापेक्षा जास्त लागलंय?’

मी म्हटलं, ‘हो बाळा, पण आता बरा आहे, काप.’

‘कापायचं? टाके ओले असताना?’

अकरा पोरं माझ्याकडे अशी बघायला लागली, जसा मी खाटीक! एक म्हणाला, ‘काका, त्याला झोपू द्या.’ एकीनं त्याच्या अंगावर रुमाल घातला. आणि लवंगीनं सगळ्यांना छाती फुगवून सांगितलं, ‘माझ्या बाबानं त्याला वाचवलं.’ डोळे भरून आले हो माझे, सरळ सांगतो. पोरांनी ब्रेडला जॅम लावून खाल्ला आणि हळू आवाजात खेळली, पेशंटला त्रास नको म्हणून!

आज आठवा दिवस. हत्ती फ्रिजमध्ये मधल्या कप्प्यात निजलाय, दूध-भाजी खाली जमिनीवर. संध्याकाळी पोरं त्याला भेटायला येतात. बायकोला म्हटलं, एवढा राबलो, एक तुकडा कुणाच्या पोटात गेला नाही गं! ती म्हणाली, ‘गेला नाही म्हणूनच अब्रू राहिली.’

आणि काल लवंगी म्हणते, ‘बाबा, त्याला एकट्याला करमत नाही. त्याची आई कर.’

आई! म्हणजे माप केवढं, विचार करा! सोडेल तो शिंपी कसला, हे खरं... पण फ्रिज कुठून आणू?